काटा एकावर

“म्हणजे आता बरा झाला म्हणायचा हा?” लतीफचाचांनी विचारलं.

“बरा?” ऋजुता हसली. “नव्यासारखा झालाय, चाचा. काटा बघा ना.”

तिने मोर्सची कळ दाबून धरली. मीटरचा काटा जरासा थरथरला आणि बरोबर एकावर येऊन थांबला. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. मीटरच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. मग खिडकीतून बाहेर, अंगणातल्या उंच नळीकडे बघितलं.



“एक म्हणजे एक,” ऋजुता म्हणाली. “रेडिओ सेटमधून जेवढी शक्ती निघाली तेवढी सगळी अँटेनाने घेतली. काहीही परत आलं नाही. याच्यापुढे आकडाच नाही.”

“हं...” चाचा म्हणाले. “उद्या सकाळी कोयाला विचारू.”

सातवण गाव खाडीच्या तोंडाशी आहे, पण चाचांचं घर वर, सड्यावर. खाली जांभ्याचा कोरडा कातळ, त्यावर वीत-दोन वीत तांबडी माती. लतीफ परकार बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. समुद्र सोडून घरी आले तेव्हा त्यांनी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढला, अंगणात तेहेतीस फुटी अ‍ॅल्युमिनियमची नळी उभी केली, तिला तीन बाजूंनी ताण दिले, आणि पडवीत बसून जगाशी बोलायला लागले. हीच उभी नळी त्यांचा अँटेना. गाव त्याला चाचांचा खांब म्हणायचं.

ऋजुता पोंक्षेचे वडील तेव्हा सातवणच्या शाळेत हेडमास्तर होते. तेरा वर्षांची असताना याच पडवीत तिने मोर्सचे बिंदू आणि रेघा पाठ केल्या. पुढे शिकत गेली, शिकतच गेली. आता पुण्यात अँटेना हाच विषय शिकवत होती आणि त्यावरचं तिचं पुस्तक तीन कॉलेजांत लागलं होतं. सातवणला मात्र ती चौदा वर्षांत फिरकली नव्हती.

मग चाचांचं पोस्टकार्ड आलं. चार ओळी.

‘खांब बिघडला आहे. अकरा रविवार झाले, कोयाला माझं ऐकू जात नाही. माझे गुडघे आता चालत नाहीत. जमल्यास ये.’

ती शुक्रवारी सकाळी आली, गाडीच्या डिकीत यंत्रं भरून. तिने माडावर चढणाऱ्या दोघांना हाताशी धरून खांब आडवा घातला. नळीचे सांधे घासून लख्ख केले. तळाचा तडकलेला इन्सुलेटर बदलला. जुन्या केबलच्या तोंडात पाणी शिरलं होतं. ती केबलच फेकून नवी टाकली. ताणांना नवे दोर बांधले. शनिवारी दुपारपर्यंत खांब पुन्हा उभा राहिला आणि काटा एकावर आला.

आता राहिला होता तो फक्त रविवार.

चेरियकोया हे चाचांचे जहाजावरचे सोबती. एका केबिनमध्ये दोघांनी नऊ वर्षं पाळ्या वाटून घेतल्या होत्या. निवृत्त होऊन कोया लक्षद्वीपमधल्या आपल्या बेटावर गेले, चाचा सातवणला आले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात वाजता दोघं मोर्सवर भेटत.

दोन वर्षांपूर्वी कोयांना पक्षाघात झाला. वाचा गेली. नजर आधीच मंदावली होती. पण उजव्या हाताची दोन बोटं शाबूत राहिली आणि तेवढी कळ दाबायला पुरत होती.

“फोन नाही का लावला तुम्ही?” ऋजुताने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“लावला की. त्याच्या मुलीने त्याच्या कानाला धरला. मी बोललो, त्यानं ऐकलं. मग तो बोलायला गेला...” चाचा थांबले. “नुसती घरघर. मुलीलाच बघवेना. तिने ठेवून दिला.”

रविवारी सातला पाच कमी असताना दोघं पडवीत येऊन बसली.

सात वाजले आणि खरखरीतून तो आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. जरा अडखळता. एखादा बिंदू लांबायचा, एखादी रेघ तुटायची. कोया चाचांना हाक मारत होते.

चाचांनी उत्तर दिलं. त्यांचा हात अजून तसाच हलका होता.

...

कोयांनी पुन्हा हाक मारली. जणू काही झालंच नव्हतं.

चाचांनी पुन्हा उत्तर दिलं. पुन्हा तीच हाक.

“मला द्या,” ऋजुता म्हणाली. ती कळेवर बसली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत तिने तीनदा उत्तर दिलं. काटा प्रत्येक वेळी एकावर.

...

पुन्हा तीच हाक.

“त्यांचाच सेट गेलाय, चाचा. पाठवणारा भाग ठीक असेल, ऐकणारा बिघडला असणार.”

“असेल,” चाचा म्हणाले.

तेवढ्यात मध्येच एक दमदार आवाज घुसला. मंगळूरचा कुणीतरी कोयांना हाक मारत होता. कोयांनी लगेच त्याला उत्तर दिलं. नमस्कार झाले, हवामान झालं. कोयांना व्यवस्थित ऐकू येत होतं.

ऋजुताने मंगळूरवाल्याला गाठायचा प्रयत्न केला. त्यालाही तिचं काही पोचलं नाही.

मग कोयांनी पुन्हा एकदा चाचांना हाक मारली, थोडं थांबले, आणि ‘पुढच्या रविवारी’ एवढं पाठवून बंद केलं.

बारा रविवार.

ऋजुताचे कान लाल झाले होते. “हे शक्यच नाही,” ती म्हणाली. “त्यांच्या बेटावर जनरेटरची खरखर असेल...”

“आहेच. पूर्वीही होती.”

“मग काय! काटा एकावर आहे, चाचा! सगळी शक्ती अँटेनात जातेय. काहीही परत येत नाही!”

“परत येत नाही,” चाचा म्हणाले, “म्हणजे पोचतंय असं कुठे आहे?”

ते भिंतीला धरून उठले. आत गेले. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात रंगाचा एक जुना डबा घेऊन. झाकणावर केबल लावायचं एक तोंड बसवलेलं होतं.

डबा त्यांनी टेबलावर ठेवला. मीटरमधून खांबाची केबल सोडवली आणि तिथे डब्याची जोडली. कळेवर बोट ठेवलं.

“बघ.”

काटा एकावर आला. थरथरलासुद्धा नाही.

“हा तर खांबाहून बरा दिसतो,” चाचा म्हणाले. “यालाच उभा करूया का अंगणात?”

“चाचा, काय हे... हा डमी लोड आहे. सेट तपासायचा डबा. आत तेल आहे आणि तेलात एक रेझिस्टर. यातून बाहेर काहीच जात नाही. सगळं आतल्या आत तापून...”

ती थांबली.

चाचांनी कळ दाबूनच ठेवली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचा तळवा धरला आणि डब्याच्या अंगाला लावला.

डबा कोमट झाला होता.

ऋजुता तशीच बसून राहिली. हात डब्यावर.

हेच ती दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होती. उभा खांब हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा खाली मातीत, खांबाच्या पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या तारांचा. त्या तारा नसतील तर जमीनच शक्ती खाऊन टाकते, नुसती तापते. येणारा आवाजही बारीक होतो, पण इथे खरखर कमी म्हणून तो ऐकू येतो; जाणारा मात्र तिकडच्या खरखरीत बुडून जातो. आणि मीटरला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की परत काही आलं नाही. उलट चांगल्या खांबाचा काटा एकावर नसतोच. थोडा पुढे, दीडच्या अलीकडे असतो. तिच्या पुस्तकात यावर आख्खं पान होतं, आकृतीसकट.

दोन दिवस ती खांबाच्या पायाशी उभी होती. दोन दिवस वर बघत होती.

“खाली किती तारा होत्या?” तिने विचारलं.

“सोळा. मीच पुरल्या होत्या.”

“केव्हा?”

“अठ्ठावीस वर्षं झाली.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

चाचांनी कळ सोडली. डब्याची केबल काढता काढता म्हणाले, “मला? कोयाला ऐकू जात नाही, एवढं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी काटा दीडच्या जवळ असायचा. मग हळूहळू सुधारत गेला. मी काही केलं नाही, तरी सुधारत गेला. मला काय, बरंच वाटलं. रोज बघायचो आणि खूश व्हायचो. मग केबलमध्ये पाणी शिरलं, काटा नाचायला लागला, तेव्हा वाटलं की आता बिघडला. काल तू एकावर आणलास तेव्हासुद्धा मी खूश होतो. आज कोयाने बंद केलं... तेव्हा कुठे हा डबा आठवला.”

ऋजुता उठली. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि अंगणात गेली.

खांबाच्या पायथ्याशी तिने हातभर माती बाजूला केली. तांब्याचं कडं लागलं. त्यातून निघालेली पहिली तार तिने चिमटीत धरून ओढली. जोर असा लावावाच लागला नाही. वीतभर हिरवट दोरा हातात आला. बोटांत चोळला तर त्याची पूड झाली.

दुसरी तशीच. तिसरीची तर नुसती रेघ मातीत उरली होती.

सोळांपैकी दोन शाबूत निघाल्या.

मंगळवारी दिल्लीत ऋजुताचा सत्कार होता. अँटेनावरच्या कामाबद्दल मानपत्र मिळायचं होतं. भाषण लिहून तयार होतं. आईने त्यासाठी साडी इस्त्री करून ठेवली होती. तांबड्या मातीच्या हातांनी फोन धरून तिने संयोजकांना कळवलं की येता येणार नाही.

“तब्येत बरी नाही का मॅडम?” पलीकडून काळजीने विचारलं.

“नाही, तब्येत ठीक आहे. इथे एक काम राहिलंय.”

“मोठं काम असणार.”

ऋजुताने अंगणाकडे बघितलं. “खणायचंय,” ती म्हणाली.

सोमवारी बाजारातून घरात वायरिंगला वापरतात तसल्या तांब्याच्या तारेची भेंडोळी आणली. माडवाले दोघं दुसऱ्या गावी कामाला गेले होते. कातळावरची माती खणायला ती एकटीच. दहा मीटर लांबीचा एक चर, त्यात एक तार, वर माती. मग पुढचा चर. दुपारी तळव्यांना फोड आले, संध्याकाळी ते फुटले. चाचा पडवीच्या पायरीवर स्टूल टाकून बसत आणि तार सरळ करून देत.

शेजारच्या हमीदाबी कुंपणावर मासळी वाळत घालायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

“काय पेरतेस गं एवढं?”

“तारा, चाची.”

“आणि उगवणार काय?”

चाचा पायरीवरून गदगदून हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आठ तारा झाल्यावर ऋजुताने आत जाऊन कळ दाबली. काटा एकावरून हलला होता. बारा झाल्या, काटा आणखी पुढे. आपण इतक्या खटपटीने आणलेला तो सुंदर आकडा ती स्वतःच्या हाताने रोज थोडा थोडा मोडत होती.

बुधवारी सोळा पुऱ्या झाल्या. तिने कुदळ टेकवली. “जितक्या होत्या तितक्या झाल्या, चाचा.”

चाचांनी पुढची तार सरळ करून तिच्यापुढे धरली.

तिने घेतली.

गुरुवारी तिने विचारलं नाही. शुक्रवारीही नाही. एका तारेच्या वाटेत फणसाचं मूळ आलं, तिने तार वळवून घेतली. एकीच्या वाटेत कातळ लागला, तिथे तार कातळावरच अंथरून वर माती लोटली. पहिल्या दिवशी ती प्रत्येक चर दोरी लावून आखत होती. आता पायांनाच अंदाज येत होता. कामात असताना काही वेळा दिल्लीची आठवण यायची, मग कुदळ दगडावर आपटून हाताला झिणझिण्या यायच्या आणि दिल्ली निघून जायची.

शनिवारी दुपारी बत्तिसावी तार मातीआड झाली. अंगण पुन्हा सपाट झालं. एवढ्या कामाची खूण म्हणून वर काहीच दिसत नव्हतं. हमीदाबींची कोंबडी येऊन त्यावर चरून गेली.

काटा एक आणि दीडच्या मध्ये, दीडच्या जरा अलीकडे उभा राहिला.

“खांबाच्या पायाशी जुळवणीचं एक छोटं कॉइल लावलं,” ऋजुता म्हणाली, “की काटा पुन्हा एकावर येईल. अर्ध्या तासाचं काम. लावू?”

“कोयाला त्याने जास्त ऐकू जाईल?”

ऋजुताने विचार केला. “नाही. तेवढंच जाईल.”

“मग कुणासाठी?”

ऋजुता उठली. हात धुवायला विहिरीवर गेली. पाण्याने फोड चुरचुरले.

रविवारी सातला दोघं पडवीत. चाचांनी स्वच्छ सदरा घातला होता. ऋजुताच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, त्यामुळे कळेवर बसायचा प्रश्नच नव्हता.

खरखर. मग तो बारीक, अडखळता आवाज. कोयांची हाक.

चाचांनी उत्तर दिलं. बोट कळेवरून उचललं.

...

...

काहीच नाही. नेहमीची दुसरी हाकसुद्धा आली नाही. ऋजुताने श्वास रोखला. सेट बंद पडला का तिकडे? का मध्येच काही...

मग एक बिंदू आला. एकटाच. थांबला. पुन्हा एक. बोटं सापडत नसावीत त्यांना. आणि मग कोयांनी सुरुवात केली.

अडखळत, चुकत, चुकलेलं खोडून पुन्हा पाठवत कोया बोलत राहिले. धाकटी नात बोटीवर कॅडेट म्हणून लागली. घरामागचा जुना माड पडला. पडताना त्याचा आवाज एवढा मोठा आला की शेजारचे धावत आले. डाव्या हातात आता काही जाणवत नाही. सगळे येतात, मोठमोठ्याने बोलतात, मी बहिरा असल्यासारखे. बोलून झालं की जातात. तुला आठवतं का, लतीफ, डर्बनच्या अलीकडे त्या वादळात तू मला उकडलेला बटाटा आणून दिला होतास, त्यात मीठ नव्हतं, आणि मी तुझ्याशी भांडलो होतो. ते भांडायला नको होतं...

चाचा मधूनमधून कळेवर छोटंसं ‘हो’ पाठवत होते. कधी नुसता एक बिंदू. समोर कागद होता, पेन्सिल होती, पण लिहिलं काहीच नाही. डोळे मिटलेले होते. एकदा हसले. एकदा बराच वेळ हनुवटी छातीला लावून बसले.

ऋजुताही ऐकत होती. पण तिला एक गोष्ट सुचत होती आणि ती आत दाबून राहत नव्हती. मोर्सवर भेटलेले दोघं सगळ्यात आधी एकमेकांना आकडे देतात: तुझा आवाज किती स्पष्ट, किती जोरात. एवढा एक आकडा. आठवडाभराच्या कामाला तेवढं तरी...

“चाचा,” ती कुजबुजली. “रिपोर्ट विचारा ना. आवाज कितीने पोचतोय.”

चाचांनी डोळे न उघडता डावा हात वर केला. थांब.

ती थांबली.

कोया बोलतच होते. ऊन पायरीवरून पडवीत आलं. शेवटी तिकडचं बोट दमलं. अक्षरं पसरट होत गेली. ‘पुढच्या रविवारी,’ कोयांनी पाठवलं. चाचांनीही तेच पाठवलं.

मग नुसती खरखर उरली. चाचांनी सेट बंद केला. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि चष्मा शोधायला लागले. ऋजुताने तो त्यांच्या कपाळावरून काढून हातात दिला.

“रिपोर्ट राहिलाच,” ती म्हणाली.

“राहिला.”

बाहेर अंगणात कोंबडी माती उकरत होती. ऋजुता पट्टी बांधलेल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने विचारलंच.

“मग काम कसं झालं, ते मला कळणार कसं, चाचा?”

चाचांनी चष्मा डोळ्यांवर बसवला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

“चाळीस मिनिटं बोलला तो,” ते म्हणाले. “आणि अँटेनाचं नावसुद्धा काढलं नाही.”